रिसाल्यातला गोरा शिपाई: त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा माग कसा काढायचा

ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराई इथे जून १८५८ मध्ये ज्या चकमकीत झाशीची राणी पडली, तिथे समोरून चालून आलेल्या इंग्रजी रिसाल्यात आठव्या हुसार्सचे (हलक्या घोडदळाच्या रेजिमेंटचे) स्वार होते. (ब्रिटिश कागदांत तारीख १७ जून आहे, आपल्याकडे पुण्यतिथी १८ जूनला होते.) राणीचं माहेर तांब्यांचं, सासर नेवाळकरांचं, दत्तकाचा वाद, सगळं आपल्याला शाळेपासून पाठ. पण समोरच्या घोड्यावर कोण बसलं होतं? तो कुठल्या गावचा, त्याला बायको होती का, नंतर त्याचं काय झालं?

बऱ्याचदा हे शोधता येतं, आणि तेही पुण्यात किंवा नाशकात घरी बसून. लष्कराला शिपायाच्या आयुष्यात फारसा रस नव्हता, त्याच्यावर होणाऱ्या खर्चात मात्र होता. भरतीचं बक्षीस, रोजचा पगार, बायकोचा शिधा, पेन्शन, मेल्यावर उरलेली शिल्लक: जिथे पैसा हलला तिथे कारकुनाने नाव लिहिलं. शोध घेताना दर पायरीला हाच प्रश्न विचारायचा, याच्यावर त्या वर्षी कोण खर्च करत होतं? ज्याने खर्च केला त्याच्या दप्तरात तो सापडतो.

आधी रिसाला, मग माणूस

नुसतं नाव घेऊन शोध सुरू केला की वाट लागते. एकट्या यॉर्कशरमध्ये एकाच नावाचे ढीगभर लोक निघतात. नाव, रेजिमेंट आणि शिपाई क्रमांक या तीन गोष्टी हव्यात, त्यातही रेजिमेंट सर्वांत आधी. कारण १९२० पर्यंत क्रमांक प्रत्येक रेजिमेंटचे आपापले असत. माणूस एका रिसाल्यातून दुसऱ्यात गेला की क्रमांक बदलला. नुसत्या क्रमांकाला काही अर्थ नाही.

रेजिमेंटची नावंही बदलत गेली, आणि नवखा शोधक नेमका इथे अडखळतो. झाशीच्या वेढ्यात इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेत चौदावे लाइट ड्रॅगून (हेही हलकं घोडदळच) होते. १८६१ मध्ये लाइट ड्रॅगून रेजिमेंटांना हुसार्स हे नाव मिळालं, त्यामुळे पुढच्या कागदांत तेच लोक चौदावे हुसार्स म्हणून भेटतात. ईस्ट इंडिया कंपनीने १८५८ च्या सुमारास बंगालमध्ये उभे केलेले युरोपियन घोडदळाचे रिसाले राणीच्या सैन्यात आले आणि त्यांतून एकोणिसावे, विसावे आणि एकविसावे हुसार्स तयार झाले. हुद्द्याचंही तसंच. त्या काळच्या कागदांत साधा घोडेस्वार ‘प्रायव्हेट’ असतो. ‘ट्रूपर’ हा अधिकृत हुद्दा विसाव्या शतकातला, तेव्हा तो शब्द टाकून शोधलंत तर हाती काही लागणार नाही.

तुमच्या हातात पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. १८५७-५८ च्या पदकावर साधारणपणे पूर्ण नाव आणि रेजिमेंट ठोकलेली असते, क्रमांक नसतो. फितीवरच्या पट्टीवर ‘सेंट्रल इंडिया’ लिहिलेलं असेल तर माणूस झाशी-काल्पी-ग्वाल्हेरच्या मोहिमेतला. क्रिमियाच्या युद्धाची पदकं बऱ्याचदा नावाशिवायच वाटली गेली आणि नावं मागाहून कोरली गेली, म्हणून तिथे कडेवरच्या नावावर डोळे झाकून विसंबू नका. पदकांच्या याद्या लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये ‘डब्ल्यूओ १००’ (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, युद्धखातं) या मालिकेत आहेत आणि ॲन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्यांच्या प्रतिमा पाहता येतात. पदक खरं, पण माणूस यादीत नाही, असं दिसलं तर विकणाऱ्याला चार प्रश्न जास्त विचारा.

फोटो असेल तर बाही बघा. मनगटाजवळ वर टोक असलेल्या पट्ट्या म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या, त्यांचा हुद्द्याशी संबंध नाही. दंडावर खाली टोक असलेल्या पट्ट्या हुद्द्याच्या. घरात ‘पणजोबा सार्जंट होते’ अशी आख्यायिका असते आणि फोटोत फक्त मनगटावरच्या दोन पट्ट्या निघतात, हे फार वेळा होतं.

सोन्याची खाण: निवृत्तीचे कागद

‘डब्ल्यूओ ९७’ ही मालिका सगळ्यात आधी उघडायची. पेन्शन घेऊन बाहेर पडलेल्या शिपायांचे हे डिस्चार्जचे कागद, १७६० पासून १९१३ पर्यंतचे. १८५४ पर्यंतच्या कागदांची सूची नॅशनल आर्काइव्हजच्या ‘डिस्कव्हरी’ कॅटलॉगमध्ये नावानिशी आहे. ती फुकट शोधता येते आणि तिथेच बहुधा जन्मगावही कळतं. कागदांच्या प्रतिमा फाइंडमायपास्ट या तशाच संकेतस्थळावर आहेत. त्याला वर्गणी लागते, म्हणून आधी फुकटातलं सगळं उरकून, प्रश्नांची यादी हाताशी ठेवून मगच महिन्याभराची वर्गणी भरावी. क्यूच्या वाचनालयात प्रत्यक्ष जाणं झालं तर तिथल्या संगणकांवर ही संकेतस्थळं फुकट वापरता येतात.

कागद उघडल्यावर घाई करू नका. पहिल्या पानावर जन्माची पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर), जवळचं शहर आणि काउंटी, भरतीचं वय आणि आधीचा धंदा असतो: मजूर, विणकर, नालबंद. पुढे नोकरीचा हिशेब वर्षं आणि दिवसांत मांडलेला असतो. त्यातली परदेशातली वर्षं वेगळी, म्हणजे हिंदुस्थानात किती, क्रिमियात किती ते कळतं. मग वर्तणूक. ‘शिक्षावहीत इतक्या वेळा नोंद, कोर्टमार्शल अमुक वेळा’ हे वाचून नातवंडांनी कानकोंडं होण्याचं कारण नाही, दारूपायी झालेल्या अशा नोंदी ढिगाने आहेत. डॉक्टरचा अहवाल बारकाईने वाचा. स्वाराची दुखणी बऱ्याचदा घोड्याचीच असतात: लाथ लागून मोडलेली नडगी, घोड्याखाली सापडलेला पाय, अंतर्गळ. शेवटी उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंग आणि कुठे राहायला जाणार ते ठिकाण. त्या ठिकाणाखाली लाल रेघ मारून ठेवा. पुढची जनगणना तिथेच शोधायची आहे.

वयावर मात्र विश्वास ठेवू नका. पोरं वय वाढवून भरती होत, कधी नाव बदलूनही. जन्मनोंद शोधताना पुढे-मागे तीन-चार वर्षं सोडूनच बघा.

अडचण एकच. १८८३ आधीच्या या कागदांत मुख्यतः पेन्शनर आहेत. नोकरीत मेलेला, पैसे भरून सुटका करून घेतलेला किंवा पळून गेलेला माणूस तिथे सापडत नाही. १८८३ पासून मात्र मुदत संपवून पेन्शनविना गेलेल्यांचेही कागद ठेवले गेले. मुदतीचे नियम ठाऊक असले तर अंदाज बांधता येतो. १८४७ च्या कायद्याने घोडदळाची पहिली मुदत १२ वर्षांची झाली आणि पेन्शनसाठी एकूण २४ वर्षं लागत, पायदळाला २१. १८७० नंतर अल्पमुदतीची भरती आली: काही वर्षं प्रत्यक्ष नोकरी, उरलेली राखीव दलात, मिळून १२. म्हणजे १८७५ ला भरती झालेला तरुण १८८१ मध्ये साध्या कपड्यांत लिव्हरपूलच्या गोदीवर दिसला तर तो पळपुटा असेलच असं नाही. राखीव दलात गेलेला असू शकतो.

कागद नाहीत? मग हजेरीपट

डिस्चार्ज सापडला नाही की बहुतेक जण हात टेकतात. तिथून पुढचं काम कंटाळवाणं आहे, पण खात्रीचं. रेजिमेंटचे हजेरी आणि पगारपट साधारण १८७८ पर्यंत ‘डब्ल्यूओ १२’ मध्ये आणि तिथून १८९८ पर्यंत ‘डब्ल्यूओ १६’ मध्ये आहेत. यांतला फार थोडा भाग ऑनलाइन आहे, बाकी जाडजूड खंड क्यूमध्येच बघावे लागतात. तिथे जाणं शक्य नसेल तर तासाच्या दराने काम करणारे अभ्यासक मिळतात. त्यांना ‘सगळं शोधा’ असं कधीही सांगू नका. ‘अमुक रेजिमेंट, अमुक दोन वर्षं, हा माणूस कधी गायब होतो ते बघा’ एवढंच द्या, नाहीतर पैशाला पाय फुटतात.

पटात माणूस एका तारखेला पकडायचा आणि तिमाहीमागून तिमाही मागे-पुढे सरकायचं. शेऱ्याच्या रकान्यात इस्पितळ, कोठडी, रजा, दुसऱ्या तुकडीत बदली असं सगळं येतं. सगळ्यात मोलाची असते तिमाहीच्या शेवटी जोडलेली, पटावरून कमी झालेल्यांची यादी. मेलेल्या, सुटलेल्या, पळालेल्या माणसाचं जन्मगाव, धंदा आणि भरतीची तारीख बऱ्याचदा तिथे मिळते. डिस्चार्जचे कागद नसलेल्या माणसाचा जन्म याच एका ओळीवरून लागतो.

हिंदुस्थानातल्या शिपायासाठी एक सोपा मार्गही आहे. १८६१ च्या इंग्लंडच्या जनगणनेत परदेशातले शिपाई नाहीत, पण त्या वर्षीच्या हजेरीपटांवरून जगभरच्या ब्रिटिश सैन्याची नावनिशी तयार झाली आहे आणि ती फाइंडमायपास्टवर आहे. त्यात नाव, क्रमांक, रेजिमेंट आणि ठिकाण मिळतं.

बायको: पटावरची आणि पटाबाहेरची

लग्नाला कमांडिंग ऑफिसरची परवानगी लागे आणि ती मोजक्यांनाच मिळे, शंभर जणांमागे साधारण सहा. परवानगीच्या बायकोला बराकीत जागा, शिधा, रेजिमेंटचे कपडे धुण्याचं काम आणि रेजिमेंट परदेशी निघाली की जहाजावर जागा. परवानगीवाचून केलेल्या बायकोला यातलं काहीही नाही. रेजिमेंट मुंबईच्या जहाजात चढली की ती पोरांसकट धक्क्यावर उभी. तिला शोधायचं तर लष्करी कागद मिटून गरिबांच्या मदतीच्या पॅरिश-नोंदी आणि वर्कहाऊसच्या (गरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या आश्रयगृहांच्या) याद्या उघडायच्या, कारण आता तिच्यावरचा खर्च पॅरिशच्या माथी असतो.

पटावरच्या बायकोचा माग तीन ठिकाणी लागतो. साधारण १८६८ पासून पुढच्या काही वर्षांच्या हजेरीपटांत विवाहितांची यादी जोडलेली असते, कधी मुलांसकट. दुसरं, इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडची (जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचं सरकारी कार्यालय) रेजिमेंटची रजिस्टरं आणि लष्करी पाद्र्यांच्या नोंदी. तिसरं ठिकाण आपल्याला सगळ्यात जवळचं: ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं ‘एन ३’ या मालिकेत आहेत. बंगाल ‘एन १’, मद्रास ‘एन २’. फाइंडमायपास्टवर प्रतिमा आणि फॅमिलीसर्चवर फुकट सूची मिळते. ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांवर काम करणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेचा शोधकोशही फुकट आहे. शोधताना त्या काळची स्पेलिंगं वापरा. खडकीचं ‘किर्की’ आणि पुण्याचं ‘पूना’ केल्याशिवाय काही निघत नाही, आणि नगरला तर लहर येईल तसं लिहिलेलं असतं.

लग्नाच्या नोंदीत वधूसमोर ‘विधवा’ लिहिलेलं असेल तर तिचं आडनाव आधीच्या नवऱ्याचं आहे, माहेरचं नाही. मग मागे जाऊन आधीच्या नवऱ्याचं दफन शोधा. ते बहुधा त्याच रेजिमेंटमध्ये, थोड्याच महिन्यांपूर्वीचं निघतं. हे वाचून आज कुणी नाक मुरडतं, पण नवरा गेला की तिचा शिधा थोड्याच काळात बंद व्हायचा. पुन्हा लग्न करायचं किंवा पोरं घेऊन परतीच्या जहाजात बसायचं, एवढ्याच दोन वाटा होत्या. साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या. ते बहुतेक त्याच तुकडीतले सोबती असतात आणि पुढे मुलांच्या बाप्तिस्म्याला तेच उभे राहिलेले दिसतात.

इथल्या बायकांपासून झालेल्या मुलांच्या नोंदी तुटक आहेत. कधी आईचं फक्त बाप्तिस्म्याचं नाव, कधी तेही नाही. अशी आणि अनाथ झालेली मुलं शोधायला शाळांकडे वळावं लागतं. मुंबईत बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या भायखळ्याच्या शाळा (देवळालीची आजची बार्न्स स्कूल त्याच परंपरेतली), अबूची लॉरेन्स शाळा, सनावरची लॉरेन्स असायलम.

इथेच मेला असेल तर

दफनाच्या नोंदीत वय, हुद्दा, रेजिमेंट आणि मृत्यूचं कारण येतं: कॉलरा, आमांश, यकृताचा गळू, उन्हाचा झटका. मृत्यू आणि दफन एकाच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. कॅथलिक शिपायांच्या, म्हणजे बहुतेक आयरिश लोकांच्या, नोंदी जास्त विस्कळीत आहेत. तेव्हा सूचीत नाव नाही म्हणजे मेला नाही, असं समजू नका.

मेलेल्याचं सामान सोबत्यांत लिलावाने विकायचे, देणी भागवायचे आणि उरलेली शिल्लक वारसाला पाठवायचे. काही वर्षांची या शिल्लकांची रजिस्टरं ‘डब्ल्यूओ २५’ मध्ये टिकली आहेत. घोडा सरकारी, तलवार सरकारी. त्याचं स्वतःचं म्हणजे ब्रश, रेझर, एखादं घड्याळ. पण ती दोन-चार पौंडांची रक्कम घ्यायला आई किंवा बहीण पुढे येते आणि इतके दिवस न मिळालेलं घर एका ओळीत मिळतं.

साध्या शिपायाला दगड क्वचित मिळे. त्याच्यापेक्षा रेजिमेंटने लावलेल्या सामूहिक पाट्या जास्त कामाच्या. खडकीचं ऑल सेंट्स चर्च त्यासाठी बघण्यासारखं आहे. आणि एक सांगून ठेवतो, खडकीची प्रसिद्ध वॉर सिमेटरी विसाव्या शतकातल्या महायुद्धांची आहे. १८६० सालचा स्वार तिथे शोधत फिरू नका.

परत गेलेल्यांची वाट

आठव्या हुसार्सने १७ जूनच्या हल्ल्यासाठी चार व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले, आणि ते सोबत्यांनी मतं देऊन ठरवले. कॅप्टन क्लेमेंट हेनेज, सार्जंट जोसेफ वॉर्ड, नालबंद जॉर्ज हॉलिस आणि प्रायव्हेट जॉन पिअर्सन. क्रॉस मिळाल्यामुळे हे लोक आयते सापडतात हे खरं, पण क्रॉस नसता तर कसे सापडले असते, हा सराव करून बघण्यासारखा आहे.

हॉलिस ग्लॉस्टरशरमधल्या चिपिंग सॉडबरीचा, जन्म १८३३. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. म्हणजे जन्म पॅरिशच्या बाप्तिस्मा वहीत, मृत्यू (१८७९, एक्सेटरजवळ एक्सविक) सरकारी सूचीत. ती सूची फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर फुकट बघता येते. मधल्या १८७१ च्या जनगणनेत तो इंग्लंडमध्ये असला पाहिजे.

वॉर्ड आयर्लंडमधल्या किन्सेलचा, जन्म १८३२, मृत्यू १८७२, लॉन्गफर्ड. आयर्लंडमध्ये सर्वसाधारण नोंदणी १८६४ ची, तेव्हा मृत्यूचा दाखला मिळतो आणि आयरिश सरकारच्या संकेतस्थळावर त्याची प्रतिमा फुकट दिसते. मधली पायरी मात्र गायब आहे. तिकडच्या एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक जनगणना नष्ट झाल्या, काही सरकारनेच रद्दीत काढल्या, काही १९२२ मध्ये डब्लिनच्या आगीत गेल्या. त्याऐवजी ‘ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन’ (कर आकारण्यासाठी केलेली जमीन आणि घरांच्या मूल्यांकनाची यादी) आणि कॅथलिक पॅरिशच्या वह्या वापरतात. या वह्या नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने फुकट खुल्या केल्या आहेत.

पिअर्सन लीड्सचा, जन्म १८२५, आणि मेला कॅनडात, ऑन्टारियोमध्ये, १८९२ साली. इंग्लंडमध्ये त्याचा मृत्यू जन्मभर शोधला असता तरी मिळाला नसता. पेन्शनर असा समुद्रापार गेला की पेन्शनच्या जिल्हावार नोंदी, ‘डब्ल्यूओ २२’, बघायच्या. त्या १८४२ ते १८८३ पर्यंतच्या आहेत आणि वसाहतींतले पेन्शनरही त्यांत आहेत. पुन्हा तेच, पैसा जिथे पोचला तिथे माणूस.

जनगणनेच्या पानावर मुलांची जन्मस्थळं नीट वाचा. थोरली डब्लिन, मधला ‘ईस्ट इंडीज’, धाकटी कॅंटरबरी, असं दिसलं की बापाच्या रेजिमेंटचा प्रवासच समोर येतो. बराकीतल्या पानांवर कधी नुसती आद्याक्षरं असतात, तिथे वय आणि जन्मगावावरून जुळवावं लागतं. स्थानिक वर्तमानपत्रंही बघा, विशेषतः म्हाताऱ्या शिपायांचे मृत्युलेख. पण क्रिमियाच्या युद्धातल्या, २५ ऑक्टोबर १८५४ च्या बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध घोडदळी हल्ल्यात आपण होतो असं सांगणारे म्हातारे प्रत्यक्ष हल्ल्यात होते त्याहून बरेच जास्त निघाले. आठवे हुसार्स खरोखर तिथे होते, तरी रेजिमेंट होती म्हणजे हा माणूस त्या सकाळी खोगिरावर होता असं होत नाही. हजेरीपट बघूनच लिहा.

अधिकाऱ्यांचं फार सोपं. हार्टची आर्मी लिस्ट (अधिकाऱ्यांची छापील यादी) नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर फुकट आहे, आणि त्यांच्या नेमणुका आणि बढत्या लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात छापून येत.

हे वाचून कुणी म्हणेल, आमचे पणजोबा पूना हॉर्समध्ये स्वार होते, त्यांचे असे कागद मिळतील का? त्या काळच्या हिंदी शिलेदार आणि बारगिरांच्या वैयक्तिक फायली ब्रिटिश शिपायांसारख्या राहिलेल्या नाहीत. तिथे घरातली सनद, इनामाचे कागद, पेन्शनची जुनी पावती आणि मुंबई-पुण्याची पुराभिलेखागारं, याच क्रमाने जावं.

इथे राहणाऱ्याला एक काम करता येतं जे लंडनच्या शोधकाला जमत नाही. खडकी, पुणे, नगर, महू इथल्या जुन्या स्मशानभूमींतले दगड दर पावसाळ्यात झिजतायत. चर्चकडून किंवा राखणदाराकडून परवानगी घ्या आणि सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उजेडात अक्षरं उठून दिसतात. मऊ ब्रशने माती झाडा. तारेचा ब्रश, खडू किंवा ॲसिड लावू नका. आधी पूर्ण दगडाचा, मग ओळीओळीचा फोटो घ्या, आणि कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या दगडाशेजारी आहे ते वहीत टिपा. मजकूर आहे तसा, चुकांसकट उतरवून फिबिसकडे पाठवा. त्यांचा कोश अशाच स्वयंसेवकांच्या कामातून वाढतो.